देवाला आधीच ठाऊक असेल, तर इच्छा कसली?

प्रश्न : मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ ईश्वराला सर्वज्ञ मानतात. मग उद्या पहाटे मी गंगावेशीत धारोष्ण दूध पिणार की तसाच परतणार, हे त्याला आजच ठाऊक असणार. अशा इच्छेला स्वतंत्र कसे म्हणावे? आणि हे आपल्याकडचे प्रारब्धच नव्हे काय?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत, आणि त्यांतला सोपा तेवढा आपण विचारला आहे. सहाव्या शतकाच्या आरंभी, मृत्युदंडाच्या छायेत बंदिवासात लिहिताना, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसने त्याचे उत्तर दिले. ईश्वराला आधी आणि नंतर असे काही नाहीच. सारा काळ त्याच्यासमोर एकदमच उभा आहे, आणि समोरून चालणाऱ्याला आपण पाहिले म्हणून तो चालायला बांधला जात नाही. पुढे ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने (१२२५–१२७४) याच विचाराला एक दृष्टांत दिला : वाटेने जाणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, उंचावर उभ्या असलेल्याला मात्र सगळे वाटसरू एकाच वेळी दिसतात. पन्हाळ्याच्या तटावरून ज्यांनी खालचा रस्ता पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पण तटावरचा माणूस खालच्या गाड्या हाकत नाही, आणि खरी अडचण इथे आहे. अक्वायनसच्या मते ईश्वराचे ज्ञान हेच सृष्टीचे कारण आहे, आणि मानवी इच्छेलाही आतून चालना देणारा तोच. मग स्वातंत्र्य उरते कुठे? त्याचे म्हणणे असे, की ईश्वर प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे चालवतो, आणि इच्छेचा स्वभाव असा, की ती केवळ परिपूर्ण कल्याणालाच बांधलेली आहे. आपला दुधाचा पेला परिपूर्ण नाही. फेसाळ आणि कोमट आहे खरा, पण पोटाला जड आहे, शिवाय रांगही आहे. बुद्धी त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहू शकते, म्हणून इच्छा मोकळी राहते.

त्याच्यानंतरच्या पिढीतला तत्त्वज्ञ डन्स स्कोटस (मृत्यू १३०८) याचे एवढ्याने समाधान झाले नाही. इच्छा ज्या क्षणी एक गोष्ट निवडते, त्याच क्षणी तिच्यात उलट निवडण्याची शक्ती असते, असे त्याने मांडले. अनुभवाला हे अधिक जुळते, असे मला वाटते. पण मग भविष्यातल्या घटनांचे ईश्वरी ज्ञान त्याला ईश्वराच्या स्वतःच्या निवडीवर टेकवावे लागले, आणि अडचण मागच्या दाराने पुन्हा आत आली.

प्रारब्धाशी मात्र याची गल्लत करू नये. प्रारब्ध हे आपल्याच पूर्वकर्माचे फळ. या ख्रिस्ती परंपरेत मागचा जन्मच नाही. ख्रिस्ती संत ऑगस्टीनने (३५४–४३०) किशोरवयात सोबत्यांबरोबर पेअरची फळे चोरली आणि बहुतेक डुकरांना टाकली. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. आपल्याकडे कोणी पूर्वसंचिताकडे बोट दाखवले असते. ऑगस्टीनला या चोरीचे मूळ आपल्या इच्छेतच शोधावे लागले.