ॲक्सेप्टन्स टेस्ट आधी लिहायची म्हणजे नक्की काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या सियागंज बाजारातल्या नमकीनच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करताय, युनिट टेस्ट आहेतच, आता टीम लीड म्हणतात कोडच्या आधी ॲक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे गिऱ्हाईकाला हवं तेच सॉफ्टवेअर करतंय का हे तपासणारी टेस्ट, लिहा. हे दुप्पट काम नाही का? आणि त्यासाठी कुकंबर हे साध्या वाक्यांत टेस्ट लिहायचं साधन घ्यावं का?

दुप्पट नाही. फंक्शन तुमच्या मनासारखं चालतंय का, एवढंच युनिट टेस्ट सांगते. सेठजींच्या, म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या, मनात काय होतं, हे तिला कुठून कळणार?

जीएसटीचंच घ्या. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. मागणी येते तीन शब्दांची: 'दर बदलून द्या.' कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) आकडा बदलला, टेस्ट हिरव्या म्हणजे पास, काम संपलं. त्याऐवजी आधी मुनीमजींसमोर बसा आणि आकड्यांसकट उदाहरणं मागा. २० सप्टेंबरचं बिल, कर सोडून ५० रुपयांची १०० पाकिटं: ५,००० आणि वर ६०० कर. २५ तारखेला दुकानदाराने त्यातली १० परत पाठवली. क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या मालाचे पैसे वळते करणारी चिठ्ठी, कितीची? मुनीमजी वहीतून मान वर न करता सांगतील, ५६०. माल जुन्या दराने गेला, तर कर जुन्याच दराने परत. तुमचा कॉन्फिग मात्र ५२५ काढेल. म्हणजे दर तारखेनुसार साठवायला हवा आणि परतीचा माल मूळ बिलाशी जोडायला हवा. कोडची एक ओळही न लिहिता डिझाइनचे दोन निर्णय पदरात पडले. माझ्या मते या टेस्टची अर्धी किंमत इथेच वसूल होते.

असंच आणखी एक विचारा: काउंटरवरून कुणी बिलावर पत्ता न लिहिता एक किलो शेव नेली, आणि तेवढीच शेव कुरिअरने पुण्याच्या पत्त्यावर गेली. पहिल्यावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा केंद्र आणि राज्याचा कर), दुसऱ्यावर आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर). 'पुण्याचा माणूस' म्हणून चालत नाही, बिलावर पत्ता काय आहे ते बघावं लागतं.

आता त्यातलं एकच उदाहरण टेस्ट म्हणून लिहा आणि चालवा. ती लाल होईल, म्हणजे नापास, कारण कोड अजून नाही, आणि कदाचित दोन-तीन दिवस लालच राहील. आत तुमचं नेहमीचं चक्र चालू द्या: छोटी युनिट टेस्ट, थोडा कोड, साफसफाई. बाहेरची हिरवी झाली की थांबा. 'पुढे लागेल' म्हणून लिहिलेला कोड तिथल्या तिथे उघडा पडतो, हा मला सगळ्यात आवडणारा फायदा. अर्धवट कामाची लाल टेस्ट मुख्य बिल्डमध्ये (सगळ्या टीमच्या एकत्र कोडच्या तपासणीत) मात्र टाकू नका, 'चालू काम' म्हणून वेगळी ठेवा. नाहीतर सगळ्यांना लाल रंगाची सवय होते.

कुकंबरबद्दल: २००८ पासूनचं चांगलं हत्यार आहे, पण त्यातली 'गिव्हन-व्हेन-देन'ची ('असं असताना, असं केलं, तर असं व्हावं') वाक्यं गिऱ्हाईक वाचणार असेल तरच घ्या. फक्त डेव्हलपरच वाचणार असतील तर तो मधला थर उगाच सांभाळत बसाल. मुनीमजींना तक्ता वाचता येतो. तारीख, माल, मूळ बिल, अपेक्षित रक्कम एवढे रकाने पुरतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २००२ मध्ये केलेलं 'फिट' हे टेस्टचं साधन तक्त्यांवरच चालायचं, आणि आज साध्या पॅरामीटराइज्ड टेस्टमध्येही (एकच टेस्ट, आकडे वेगवेगळे) ते जमतं.

आणि कृपा करून हे सगळं ब्राउझरमधून चालवू नका. क्रेडिट नोटचा हिशोब सर्व्हिसला, म्हणजे स्क्रीनमागच्या हिशोबाच्या कोडला, थेट हाक मारून तपासा. बटण सरकलं म्हणून कराची टेस्ट पडायला नको. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमवर एक-दोन मुख्य वाटा ठेवा: बिल बनवणं, छापणं. बस्स.

टेस्ट कोणी लिहायची, हेही तुम्ही विचारलंत. उदाहरणं मुनीमजींची, तक्ता टेस्टरचा, जोडणीचा कोड तुमचा. कराचा मुद्दा अडला तर सेठजींच्या सीएंना फोन लावा, टीममध्ये मतदान नको.