टिकल्यांची बाहुली, आणि तीही म्हणे झेंड्यावरून!

प्रश्न: मुलाकडे अमेरिकेत आलेय. इथल्या एका म्युझियममध्ये हैतीच्या पिएरो बाराची कामं बघितली. प्लॅस्टिकच्या बाहुल्या, सॅटिन, टिकल्या, गॉगल, सगळं एकत्र जोडलेलं. पाटीवर लिहिलं होतं की याचं मूळ वूडू देवळातल्या झेंड्यांत आहे. मला तर झेंडा कुठे दिसलाच नाही, आणि खरं सांगू, जरा भीतीच वाटली. ही काळी जादू आहे का हो?

उत्तर: ताई, आधी भीती काढून टाका. बाहुलीला टाचण्या टोचणं वगैरे हॉलिवूडने आपल्या डोक्यात भरवलंय. वूडू हा हैतीतल्या लोकांचा धर्म आहे, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे देव आणि कॅथलिक संत यांची त्यात पार सरमिसळ झालेली.

आता झेंडा. तिथे त्याला द्रापो म्हणतात. पूजेच्या सुरुवातीला दोघं झेंडे घेऊन येतात, सोबत एक तलवारवाला. पण हा आपल्या वारीतल्या पताकेसारखा फडफडत नाही, कारण कापड टिकल्यांनी गच्च भरलेलं असतं. सुई खालून वर काढायची, टिकली ओवायची, वर बारीक मणी, की परत त्याच टिकलीच्या भोकातून खाली, असं हजारो वेळा. डोळे जातील आपले!

पिएरो बारा (१९४२–१९९९) आधी असेच झेंडे करायचा. हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स, तिथल्या ‘आयर्न मार्केट’ नावाच्या बाजारात त्याचा नि बायको मारी कासेजचा स्टॉल होता. मग त्याने काय केलं, तर कापडावरचा देव उचलून बाहेरच आणला. चमक तीच, देवतेची खूणही तीच, फक्त चित्राच्या जागी वस्तू आली. एझिली दांतो ही देवी घ्या, झेंड्यावर तिची खूण म्हणजे खंजीर खुपसलेलं हृदय, आणि तिचं रूप मात्र थेट पोलंडमधल्या चेस्तोहोवा गावच्या काळ्या मेरीचं, म्हणजे तिथल्या येशूच्या आईच्या चित्राचं, गालावरच्या व्रणांसकट. बाराकडे तीच बाहुली होऊन बसते. गॉगलही उगाच नाही, मृतांचा देव गेदे एकच काच असलेला चष्मा घालतो, एक डोळा या जगात नि एक त्या जगात.

१९९५ मध्ये लॉस एंजलिसच्या फाउलर म्युझियमने हैतीच्या वूडू कलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून बाहेरच्यांचं या कलेकडे जास्त लक्ष जायला लागलं. एक खटकतं ते सांगतेच, काम दोघांनी मिळून केलेलं, नि तुम्हीसुद्धा फक्त पिएरोचंच नाव लिहिलंत! पुढच्या वेळी पाटीवर मारीचं नाव आहे का बघा, नसेल तर काउंटरवर विचारून या.