वेगवेगळ्या प्रदेशांतील परवडणाऱ्या वाइनची घरी तुलना कशी करावी?

द्राक्षाचा वाण एकच ठेवून केवळ प्रदेश बदलावा, आणि माझ्या मते त्यासाठी शेनिन ब्लांक हा सर्वांत सोयीचा वाण आहे, कारण नाशिक, दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्समधील लुआर खोरे या तिन्ही ठिकाणी त्याची साधी, रोजच्या जेवणासोबतची वाइन तयार होते (आयात शुल्कामुळे फ्रेंच बाटली भारतात महाग पडते, हा भाग वेगळा). लुआर हे या वाणाचे मूळ घर असले, तरी आज त्याची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. लुआरच्या थंड हवेत द्राक्षातील आम्ल टिकून राहते आणि वाइन हिरव्या सफरचंदासारखी तरतरीत लागते, तर उष्ण प्रदेशात तिची चव पेरू, अननस अशा पिकलेल्या फळांकडे झुकते. लुआरच्या बाटलीवर वाणाऐवजी बहुधा ‘वूव्रे’सारखे गावाचे नाव असते, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. तिन्ही बाटल्या ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून कागदात गुंडाळाव्यात, त्यांना क्रमांक द्यावेत आणि कागद काढण्यापूर्वीच गंध, आंबटपणा व शेवटी जिभेवर रेंगाळणारी चव यांची टिपणे लिहावीत. वाइन याहून फार गार असल्यास गंध दबतो. मात्र नाशिकच्या काही शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम राखलेली असते आणि वूव्रेही कोरडी (म्हणजे जवळजवळ साखर नसलेली) ते गोड अशा अनेक प्रकारांत मिळते, त्यामुळे तिन्ही बाटल्या कोरड्या निवडल्या नाहीत, तर तुलना प्रदेशांची न होता साखरेची होते.