गाडीखाली आडवं व्हा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की जुनी आलिशान गाडी बघायला गेलात तर आधी गाडीखाली आडवं व्हा, सीटवर नंतर बसा. त्यावर इतकी पत्रं आली की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजच्या शेडमध्ये टेबलावर पान्यांपेक्षा पाकिटंच जास्त झाली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. निवडक घेतलीत.

प्रश्न : दिल्लीच्या एका डीलरकडे २०११ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ आहे. डिझेल, मीटरवर ९२ हजार किलोमीटर, आतून नवी कोरी. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते आहे. मला आंबोली, तिलारीकडच्या कच्च्या वाटांवर फिरायचा छंद आहे. घेऊ का? (एक डॉक्टर, गडहिंग्लज)

डॉक्टरसाहेब, स्वस्त का, हे आधी समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला हरित लवादाने २०१५ साली मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून तिकडच्या भारी भारी डिझेल गाड्या आपल्याकडे उतरायला लागल्या. तेव्हा स्वस्त आहे म्हणजे खराबच असेल असं नाही. पण एनओसी आणा, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरा, आणि २०११ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची मुदत २०२६ साली संपते, तेव्हा फिटनेस करून नोंदणी पुन्हा वाढवून घ्या. हा खर्च डीलर सांगत नाही.

गाडी म्हणाल तर तिचा नाद करायचा नाही. लो रेंज, म्हणजे चाक हळू पण जोरात फिरवणारा जास्तीचा गिअर आहे, एक बटण दाबलं की गाडी वर उचलते, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, आणि चिखल, वाळू, खडक असं जे असेल ते चकती फिरवून निवडलं की इंजिन, गिअर, ब्रेक त्याप्रमाणे वागतात. अवघड वाटेवर ड्रायव्हरपेक्षा गाडीच शहाणी.

आता दुखणं. ही गाडी हवेच्या फुग्यांवर उभी असते. स्प्रिंग नाहीत. दिल्लीला जाल तेव्हा डीलरला सांगा, गाडी संध्याकाळी सपाट जागेवर लावा, उद्या सकाळी मी येईपर्यंत चावी लावू नका. चारही चाकांवर मडगार्डची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी एखादा कोपरा बसलेला दिसला तर त्या कोपऱ्याचा फुगा किंवा नळी गळते आहे. डीलर म्हणेल, थंडीमुळे होतं. हसून सोडून द्या.

यात मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात अशीच एक गाडी आली, उंच होईना. कॉम्प्रेसर जळालेला. मी ऐटीत नवा टाकला, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात तोही जळाला. मागच्या डाव्या फुग्याला घडीत बारीक चीर होती. ती हवा सोडायची आणि कॉम्प्रेसर बिचारा दिवसभर भरत बसायचा, तापून गेला. दुसऱ्या कॉम्प्रेसरचे पैसे माझ्या खिशातून गेले. साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायला पाच मिनिटं लागली असती. तेव्हापासून शेडमध्ये साबणाच्या पाण्याची बाटली ऑईलच्या डब्याशेजारी असते.

दुसरं, टायमिंग बेल्ट. पुढचा बेल्ट सगळे विचारतात. या डिझेल इंजिनाला मागच्या बाजूला डिझेल पंपाचा आणखी एक बेल्ट आहे, तो विसरला जातो. 'बेल्ट बदललाय' असं म्हणाले तर विचारा, कुठला? बिलात दोन्ही दिसले पाहिजेत. याच इंजिनांत क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, बेअरिंग धरून क्रँक मोडल्याच्या तक्रारी जगभर आहेत, म्हणून कंपनीच्या मुदतीच्या बऱ्याच आधी ऑईल बदलत आलेला मालक सापडला तर चार पैसे जास्त मोजा.

तिसरं चिखलाचं. हिचा हँडब्रेक बटणावरचा आहे आणि त्याचे लायनर मागच्या डिस्कच्या पोटात असतात. आपली तांबडी माती तिथे जाऊन बसली की बटण ओढल्यावर गाडी अशी किंचाळते की शेजारचं कुत्रं पळतं. वरचेवर उघडून साफ करून घेतलं तर काही होत नाही.

घ्या की नको? माझा हिशोब असा, की गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे वर्षभरासाठी वेगळे बाजूला काढून ठेवता येत असतील तर घ्या. उद्यमनगरात लेथवर बुश करून मिळेल, पिन करून मिळेल, मोडलेला ब्रॅकेट संध्याकाळपर्यंत जोडून मिळेल. गाडीचा कॉम्प्युटर लेथवर होत नाही, तो पुण्या-मुंबईहून येईपर्यंत गाडी माझ्या शेडमध्ये आणि तुम्ही आंबोलीला एसटीने. हे पटत नसेल तर २००९ नंतरची पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, फोर बाय फोर, शोधा. चालवायला ट्रकासारखी आहे, मान्य. पण चंदगडच्या बाजारातला फिटरही तिला ओळखतो.

प्रश्न : मित्राच्या ओळखीने एक जर्मन एसयूव्ही बघितली. २०१८चं मॉडेल, किंमत फारच कमी. गाडी महापुरात बुडाली होती का, हे कसं ओळखायचं? (एक वाचक, शिरोळ)

शिरोळच्या माणसाने हा प्रश्न विचारावा, यातच सगळं आलं. ऑगस्ट २०१९ला आणि पुन्हा जुलै २०२१ला पाणी आलं त्यानंतर कितीतरी गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात फिरल्या. काही तर दुसऱ्या जिल्ह्याचं पाणी पिऊन आपल्याकडे आल्या.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकापर्यंत. वरचा भाग धुतलेला असतो, रिळात गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. तिथे पाण्याची रेघ दिसते. मग सीट पुढे-मागे करून खालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा. सात-आठ वर्षांच्या गाडीत तिथे गंज चढायचं कारण नाही. स्टेपनीच्या खोलगट जागेत बोट फिरवा, बारीक गाळ लागतो. गालिचाखालचा फोम दाबा आणि वास घ्या. भरपूर अत्तर मारलेली गाडी बघितली की मी आधी फोमच दाबतो.

महागड्या गाडीत ही गोष्ट जास्त का महत्त्वाची? साध्या जीपला पाणी लागलं तर वाळवा, ऑईल बदला, चालते. या गाड्यांत बॅटरी आणि कंट्रोलचे डबे सीटखाली, पायाखाली, डिकीत असतात. पाणी उतरून जातं, पण वायरींच्या जोडांत तांब्यावर हिरवी पावडर धरते. आज खिडकी बंद होत नाही, दोन महिन्यांनी गिअर अडकतो, सहा महिन्यांनी भर पावसात गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडते. प्रत्येक वेळी स्कॅनर वेगळाच दोष दाखवतो आणि मेकॅनिक वेगळाच सेन्सर बदलतो. अशा एका गाडीवर मी आठ महिने घालवलेत. मालक आणि मी दोघंही म्हातारे झालो.

जुन्या गाडीत एकदम नवा गालिचा दिसला तर सर्व्हिसच्या नोंदी मागा. ऑगस्टनंतर अचानक वर्षभराची फट असेल तर उठून या. चहासुद्धा घेऊ नका त्यांचा.

प्रश्न : मिस्त्री, माझ्याकडे ऑल व्हील ड्राईव्ह एसयूव्ही आहे, बिल्ला मोठा आहे. तरी पाहुण्यांच्या उसाच्या रानात अडकली आणि शेवटी ट्रॅक्टरने ओढताना पुढच्या चाकाची अलाइनमेंट गेली. चूक कोणाची? (एक वाचक, इचलकरंजी)

थोडी कंपनीची, थोडी तुमची, बरीचशी साखळीची.

ऑल व्हील ड्राईव्ह म्हणजे फोर बाय फोर नव्हे. ऑडी क्यू ७, बीएमडब्ल्यू एक्स ५ या गाड्या चारही चाकांना ताकद देतात, पण त्यांना लो रेंज नाही. ओल्या रस्त्यावर, बर्फात, वेगात त्या उत्तम. काळ्या रानात दोन टनांवरचं धूड हळू आणि जोरात ओढायला लो रेंज लागते. ती नसली की चाक फिरतं, कॉम्प्युटर त्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाची ताकद कापतो आणि तुम्ही ॲक्सिलेटर दाबून बसता. पुढच्या वेळी चिखलात शिरण्याआधी ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा आणि चाकांतली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड येते. डांबरीवर आल्यावर मात्र लगेच भरा, नाहीतर टायर तापून फाटेल.

आता साखळी. ऊसवाले ट्रॉलीची साखळी काढून देतात, मन मोठं असतं त्यांचं. पण तुमच्या पाहुण्यांनी ती बहुतेक टायरॉडला किंवा लोअर आर्मला अडकवली. ते भाग चाक वळवायचे आणि धरायचे आहेत, गाडी ओढायचे नाहीत. बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं, ते काढून टूलकिटमधली जाड कडी आट्यांवर शेवटपर्यंत बसवायची आणि हळू, झटका न देता ओढायचं. मागे ट्रेलरचा गोळा असेल तर त्याला कधीही बांधू नका. तो तुटून बंदुकीच्या गोळीसारखा येतो. साखळीवर जुनी पोती टाका आणि बघ्यांना लांब उभं करा. आपल्याकडे गाडी अडकली की दहाजण तिच्याभोवतीच उभे राहतात.

प्रश्न : ओढा पार केल्यापासून मागून कुऊऊ आवाज येतो. ऑईल तर आत्ताच बदललं होतं. (एक वाचक, चंदगड)

कुठलं ऑईल? इंजिनचं असणार. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, उघडा. गाडी तासभर चालून डिफरन्शियल तापतं, तुम्ही थंड ओढ्यात घालता, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. तिला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. ती चिखलाने बुजली असेल किंवा पाण्याखाली गेली असेल तर पाणी सीलमधून आत शिरतं. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीचा प्लग उघडला तेव्हा मला वाटलं मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभा आहे, इतकं पांढरं ऑईल. लगेच बदलून, धुऊन पुन्हा भरलं तर बेअरिंग वाचतात. कुऊऊ सुरू झालाय म्हणजे तुम्हाला उशीर झालाय, पण क्राउन-पिनियन अजून वाचेल. त्यानंतर ती नळी रबरी पाइप जोडून बॉनेटपर्यंत वर घ्या. खर्च दोन वडापावांचा, फार तर चार.

प्रश्न : वीस इंची अलॉय, स्नॉर्कल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) आणि पुढे दणदणीत बुलबार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) लावायचा आहे. कुठून सुरुवात करू? (एक तरुण वाचक, कोल्हापूर)

भावा, अलॉय काढण्यापासून. २६५/६५ आर १७, म्हणजे सतरा इंची रिमच्या, टायरची भिंत १७२ मिलिमीटर उंच, तर २५५/५५ आर १९ची १४० मिलिमीटर. वीस इंचीत ती आणखी कमी, आणि जांभ्या दगडाच्या धारेवर तेवढीच उशी तुमच्या रिमला वाचवते. बुलबारवर केंद्र सरकारने २०१७च्या शेवटीच बंदी घातली आहे. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत बदल करून नोंदणी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ला स्पष्ट केलंय. स्नॉर्कल लावायचं तर आरटीओत आधी विचार. नुसतं शोभेचं लावून एअर फिल्टरचा डबा खाली उघडाच ठेवलास तर इंजिन पाणी पिणार ते पिणारच, आणि कनेक्टिंग रॉड वाकणार.

प्रश्न : मसाई पठारावर गाडी घालता येईल का?

नाही. चालत जा.

प्रश्न : तुमच्याकडे स्वतःची कुठली गाडी आहे? (एक वाचिका, राजारामपुरी)

ताई, दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा मी ती बघायला पुढच्या रांगेत असतो, एवढाच माझा आलिशान गाडीशी खासगी संबंध. घरात जुनी पजेरो एसएफएक्स आहे, २.८ डिझेल, साधा मेकॅनिकल पंप. बायकोच्या हिशोबाने ती आठवड्यातले दोन दिवस रस्त्यावर आणि पाच दिवस जॅकवर असते. हे अन्यायाचं आहे. चार दिवस.