वाचक विचारतात : ठाणावरची घोडी

प्रश्न : आमची वरातीची घोडी सात वर्षांची, वजन अंदाजे साडेतीनशे किलो. उन्हाळ्याच्या लग्नसराईत नाचवताना पुढच्या डाव्या पायाची गुडघ्याखालची मागची नस सुजली. डॉक्टरांनी ‘नस फाटली, ठाणावर ठेवा’, म्हणजे काम बंद करून जागेवरच ठेवा, असं सांगितलं. दहा-बारा दिवसांत लंगडणं थांबलं. आता ती उड्या मारते, भिंतीला लाथा घालते. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात. तोवर तयार होईल का? खायला काय द्यावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुळशीच्या लग्नानंतरची सुपारी या घोडीवर घेऊ नका. लंगडणं थांबलं म्हणजे सूज आणि ठणका ओसरला, एवढंच. ही नस म्हणजे रक्ताची नळी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी (टेंडन). ती खरी भरायला आठ ते बारा महिने लागतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे भरून येतं ते कच्चं असतं, त्याचे तंतू आडवेतिडवे असतात. नाचताना घोडी पुढून उचलते आणि सगळं अंग घेऊन पुढच्या पायांवर उतरते, तेव्हा नेमका याच जागी ताण बसतो. दुसऱ्यांदा फाटलेली नस आधीपेक्षा वाईट भरते. दुखीचं इंजेक्शन देऊन वरातीत उभी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दुखणं झाकलं की घोडी तो पाय जपत नाही. डायक्लोफेनॅक तर जनावरांना द्यायला २००६ पासून बंदीच आहे.

उड्यांचं कारण बहुधा चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात आहे. काम बंद झालं आणि भिजवलेला हरभरा पूर्वीइतकाच चालू राहिला, तर ती ताकद कुठेतरी निघणारच. हरभरा, मका, गूळ आजच बंद करा. चारा मात्र कमी करू नका. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला साडेपाच ते सात किलो वाळलेलं गवत लागतं. ते चार-पाच वेळा विभागून द्या, रात्रीचा हिस्सा सगळ्यांत मोठा ठेवा. सोयाबीनचं कुटार किंवा नुसता कडबा हा तिचा मुख्य चारा नाही. जाड, कडक काड्या आतड्यात अडकतात, आणि फार बारीक कुट्टी ती न चावताच गिळते. चारा बदलायचा तर आठवडाभरात थोडा थोडा बदला. रोज ३० ग्रॅम मीठ, आणि पाणी कायम समोर. ठाणावरही २५ ते ३५ लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टाकीचं पाणी दुपारी तापतं आणि घोडी ते पीत नाही, म्हणून सावलीतल्या बादलीत ताजं भरा.

उभ्या जनावराचं आतडं मंदावतं. त्यामुळे लीद रोज मोजा. साधारण आठ-दहा वेळा पडायला हवी. ती निम्म्यावर आली, गोळे कोरडे पडू लागले, किंवा घोडी पोटाकडे वळून बघू लागली, जमीन खरवडू लागली, तर ओवा-हिंग करत रात्र घालवू नका. डॉक्टरांना बोलवा, नाहीतर १९६२ वर फोन करा.

ठाण म्हणजे आगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर) लावून जखडणं नव्हे. पिछाडीला झटका मारताना तिचा तोल जातो आणि भार दुखऱ्या पायावर येतो. बारा बाय बारा फुटांची बंद जागा द्या, तिथे मोकळी ठेवा. खाली उघडं सिमेंट नको. सहा इंच कोरडं तणीस किंवा लाकडाचा भुसा पसरा, ओला भाग रोज काढा. एखादं शांत जनावर समोर दिसेल असं बांधलं तर ती निवांत राहते. तरीही उसळत असेल तर शांत ठेवणारं औषध डॉक्टरच देतील.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट, चांगला पाय. दुखरा पाय वाचवायला ती दुसऱ्यावर भार देते, आणि त्या टापेच्या आतला थर सुजू शकतो. हा आजार मूळ दुखापतीपेक्षा महागात पडतो. रोज सकाळी दोन्ही टापांना हात लावा. पायाच्या गाठीमागे दोन बोटं ठेवली की नाडी लागते. ती नेहमीपेक्षा जोरात ठोकत असेल आणि टाप गरम असेल तर तातडीने तपासणी. टापेचा तळ रोज कोरून स्वच्छ करा. तळ काळा पडला, कुजका वास आला की समजा बिछाना ओला राहतोय.

पट्टी बांधत असाल तर आधी कापसाचा एक इंच जाड, एकसारखा थर द्या, आणि दोन्ही पायांना बांधा. बारा तासांनी सोडून पुन्हा बांधा. पातळ कापसावर घट्ट दोरी आवळली की तिथेच नवी सूज येते. डाग देणं, टर्पेंटाइन चोळणं यांनी कातडी भाजते, नस भरत नाही. दुखापत नुकतीच झालेल्या वाचकांसाठी : पहिले तीन दिवस थंड पाणी, दर वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेक नाही, मालिश नाही.

चालवणं डॉक्टरांच्या होकारानंतरच. तुमच्या घोडीला आणखी दोन-तीन आठवडे थांबून पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, हातात लगाम धरून. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी नस गरम किंवा जाड लागली तर मागच्या आठवड्यावर या. रस्ता मुरमाचा, सपाट हवा. पावसाळ्यात काळ्या रानात नेऊ नका, चिखलात पाय रुतला की नस ताणली जाते. दुडकी चाल तीन महिन्यांआधी नाही, आणि तीही सोनोग्राफीत भराव दिसल्यावर. सोनोग्राफीसाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी चौकशी करून जा.

प्रश्न : तारेच्या कुंपणाने टांग्याच्या घोड्याचा पाय कापला. जखमेत मांस वाढून बाहेर आलंय. मोरचूद लावू का?
– एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : नको. मोरचूद चांगली कातडीही जाळतो. वाढलेलं मांस डॉक्टर कापून काढतात. त्यात संवेदना नसते, रक्त मात्र बरंच येतं, म्हणून घरी वस्तरा लावू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून जखम धुवा. धनुर्वाताची लस टोचलीय का, ते आधी बघा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. शेपूट ताठ, चाल लाकडी, डोळ्यावर आतला पडदा, ही त्याची सुरुवात.

प्रश्न : घोड्याला कोंबडीखाद्य थोडं मिसळून चालेल का?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : अजिबात नाही. कोंबड्यांच्या आणि काही गाईंच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. घोड्याच्या हृदयाला ते थोडंसंही घातक ठरतं. पोतं घोड्याच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवूही नका.