सिझरनंतर सुटलेलं पोट: क्रंचेस थांबव, आधी बेंबीवर बोटं ठेवून बघ

अगं, बाकी सगळं नंतर, जिममधले ते क्रंचेस, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे वर उचलायचा व्यायाम, आधी बंद कर.

बाळ पाच महिन्यांचं, सिझर झालेलं, वजन नऊ किलो उतरलं तरी पोट पुढे दिसतं, लग्नात एका काकूंनी सगळ्यांदेखत "पुन्हा गोड बातमी का?" असं विचारलं आणि तेव्हापासून तू रोज पन्नास क्रंचेस मारतेस. तू लिहिलंस ते एवढंच, पण त्या प्रश्नानंतर घरी येऊन आरशासमोर किती वेळ उभी राहिली असशील ते कळतं मला. माझा मोठा २०१३ साली झाला, तोही सिझरने. तिसऱ्या महिन्यात मी जिम लावली. तिथल्या ट्रेनरने बाळंतपण कसं झालं हेसुद्धा न विचारता सरळ क्रंचेस आणि दोन्ही पाय उचलण्याचा व्यायाम दिला. दोन महिन्यांनी बेंबी आधीपेक्षा बाहेर आली, कंबर धरली आणि शिंकलं की दोन थेंब लघवी व्हायला लागली. घरात सगळ्या म्हणायच्या, बाईच्या जातीला होतंच असं. मीही ते खरं मानलं.

शेवटी मैत्रिणीने इथे नागपुरात धंतोलीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे (व्यायामाने उपचार करणारीकडे) नेलं. तिने मला पाठीवर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, माझीच बोटं माझ्या बेंबीच्या जरा वर आडवी ठेवली आणि म्हणाली, "आता फक्त डोकं उचला." दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना भिडल्या आणि मध्ये बोटं आत गेली, मळलेल्या कणकेत जावीत तशी. तीन बोटं मावत होती. तेव्हा कळलं की मी जिला चरबी म्हणत होते ती सगळी चरबी नव्हतीच.

पोटाच्या पुढच्या बाजूला उभे दोन स्नायू असतात, मधोमध एका पांढऱ्या चिवट पट्टीने जोडलेले. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तशी ही पट्टी ताणली जाते, पातळ होते आणि स्नायू बाजूला सरकतात. डॉक्टर याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पहिल्या दोनेक महिन्यांत पुष्कळ अंतर आपोआप भरून येतं, उरलेलं व्यायामाने आणायचं असतं. दोन बोटांपेक्षा जास्त जागा असेल तर पुढचा आधारच सैल आहे, म्हणून आतलं सगळं पुढे येतं, आणि संध्याकाळी किंवा जेवल्यावर पोट जास्त दिसतं. अशा पोटावर क्रंचेस मारले की आतला दाब नेमका त्या सैल पट्टीवर येतो. क्रंच करताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर येतो का, ते आजच बघ. येत असेल तर तो व्यायाम तुझ्यासाठी नाही. पूर्ण प्लँकही (कोपरं आणि चवडे टेकून अंग सरळ धरून ठेवणं) सध्या नको.

मग सुरुवात कुठून? श्वासापासून. ऐकायला फार साधं वाटतं, पण माझं पोट यानेच आत गेलं. पाठीवर झोप, गुडघे दुमड. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू देत. सोडताना लघवी आणि वारा दोन्ही धरून ठेवल्यासारखं खालून वर ओढून घे, त्यासोबत बेंबी हळूच आत जाईल. श्वास कोंडायचा नाही. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळाला पाजताना बसल्या बसल्याही होतं. (खरोखर लघवी करताना मात्र धार अडवून याचा सराव करू नकोस.) दोन आठवड्यांनी त्यातच टाच सरकवणं घाल: श्वास सोडत एक पाय जमिनीवरून लांब कर, परत आण, मग दुसरा. पुढे सेतुबंधासन (पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं) आणि भिंतीला हात टेकून दंड. ते सोपं वाटायला लागलं की चौपायी होऊन उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय लांब करायचे. खुर्चीवरून हात न टेकता बसणं-उठणं मांड्यांसाठी उत्तम. "टोनिंग" म्हणतेस ना, ते याच व्यायामांतून येतं. फक्त पोटावरची चरबी उतरवणारा व्यायाम कुठेच नसतो, ती सगळ्या अंगाबरोबर उतरते.

आणि या वीस मिनिटांपेक्षा दिवसभर तू कशी उठतेस-बसतेस त्याचा फरक जास्त पडतो. झोपेतून सरळ ताडकन उठून बसतेस ना? ती प्रत्येक वेळ म्हणजे एक क्रंचच. रात्री चार-पाचदा बाळासाठी उठलीस की तेवढे झालेच. आधी कुशीवर वळ, हात टेक, मग उठ. बाळाला उचलताना, पाण्याचा गुंड उचलताना श्वास सोडत उचल. पोट साफ नसेल तर कुंथू नकोस, पाणी आणि भाज्या वाढव. मला या उठण्या-उचलण्याच्या सवयीनेच महिनाभरात कंबरेला आराम पडला.

सिझरच्या टाक्यांचं वेगळं सांगते. टाक्याच्या वर जी वळकटी लोंबते तिच्यात चरबी असते, पण खाली व्रण आत चिकटलेला असतो म्हणूनही ती तशी दिसते. जखम पूर्ण भरलेली असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर खोबरेल लावून व्रणावर दोन बोटांनी हळूहळू, वर-खाली आणि आडवं चोळ. पहिल्यांदा हात लावताना मला रडू आलं होतं. तसं झालं तर त्या दिवशी राहू दे.

पोटपट्ट्याबद्दल सासूबाईंशी वाद घालू नकोस. सुरुवातीला त्याचा आधार वाटतो, चालताना टाके ओढत नाहीत. पण त्याने चरबी विरघळत नाही, आणि करकचून बांधला तर दाब खाली जातो, म्हणजे लघवीचा त्रास वाढतो. मालिशवाल्या बाईचंही तसंच. अंग मोकळं होतं, झोप लागते, ते सुख घे. टाक्यांवर मात्र जोर नको.

आता लाडू. तू लिहिलंस की डिंकाचे लाडू बंद करून दोन वेळा नुसतं सूप घेतेस. असं करू नकोस गं. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, ही आयसीएमआरचीच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस आहे. गडबड अशी होते की तुपातले तीन मोठे लाडू खाल्ले की ते ६०० तिथेच संपतात, आणि वर शिरा, अळिवाची खीर, भातावर तूप चालूच राहतं. सकाळी दुधाबरोबर एक लाडू ठेव. बाकी ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी, अंडं, दही, मूठभर फुटाणे. सिझनमध्ये संत्री खा, रस काढू नकोस. चहासोबतची बिस्किटं आणि रोजचा आलूबोंडा सोडलास तरी पुष्कळ झालं. महिन्याला दीड-दोन किलो उतरणं पुरे. त्याहून घाई केलीस तर थकवा येईल, केस जातील.

चालणं रोज हवं. आठवड्याला १५० मिनिटं, पण एकदम नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सहाच्या आत बाहेर पडून सातपर्यंत घरी ये. पारा ४५ वर जातो तेव्हा पाजणारीला पाणी फार लागतं. सध्या कॉलनीतल्या सपाट रस्त्यावर चाल. सेमिनरी हिल्सचा चढ लघवीचा त्रास नसेल तरच, दोन महिन्यांनी. मी धाकटीच्या वेळी असंच केलं, जुने ब्लाऊज बसायला दहा महिने लागले.

काही गोष्टी मात्र घरी अंगावर काढू नकोस. बेंबीपाशी गाठ येऊन दुखणं, टाक्यातून पाणी येणं, पुन्हा रक्तस्राव, खाली काही उतरल्यासारखं जड वाटणं, यात थेट डॉक्टरांकडे जा. खूप थकवा, धडधड, केस भरभर गळणं असेल तर थायरॉईड तपासून घे, बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं. आणि रोज रडू येत असेल, बाळाकडेही बघवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांग. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे.

उद्या सकाळी उपाशीपोटी बोटं ठेवून बघ: बेंबीच्या वर, बेंबीवर आणि बेंबीच्या खाली, तिन्ही ठिकाणी. किती बोटं मावतात आणि बोट खाली किती खोल जातं ते लिहून कळव. चार बोटं मावत असतील किंवा शिंकताना लघवी होत असेल तर माझ्या व्यायामांवर थांबू नकोस, फिजिओथेरपिस्टला दाखव. नाहीतर श्वासाचे दोन आठवडे झाले की पुढचं सांगते.