बारकोड 890 आणि बॅटरीचं झाकण

ताई, घरातल्या चिनी खेळण्याचं काय करायचं आणि चिनी माल ओळखायचा कसा, हे विचारणारी तुमची पोस्ट वाचली आणि 2020 चा जून डोळ्यांसमोर आला. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या पालकांनी ग्रुपवर घेतलेली 'चिनी खेळणी घरात नकोत' ही शपथ, सासूबाईंनी नातवाच्या पाचव्या वाढदिवसाला हौसेने आणलेली रिमोटची गाडी नेमकी चिनी निघणं, आणि ती मुलाच्याच हाताने कचऱ्यात टाकायला लावा असं सांगणारे कुणी गृहस्थ. आमच्याकडे हेच झालं होतं. फरक इतकाच की ते गृहस्थ मी होतो. गलवानमध्ये आपले 20 जवान गेले त्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर शपथेचा मजकूर मीच लिहिला. एका काकांनी खाली बाबू गेनूचा फोटो टाकला. मग नाही म्हणायची कुणाची छाती?

बहिष्कार घालावा की नाही, या वादात मी पडत नाही. कुठल्या कंपनीला आपले पैसे द्यायचे नाहीत हे ठरवायचा आईबापांना हक्क आहे, असं मला आजही वाटतं. पण घरात आलेलं खेळणं पोराकडून काढून घेण्यात काय बहिष्कार? पैसे कधीच पोचलेत. मी सगळी खेळणी पोत्यात भरून माळ्यावर टाकली होती. पंधरा दिवसांनी बायकोला तांदळाच्या डब्यात हिरवा डायनासोर सापडला. पोरगं सहा वर्षांचं. विचारलं तर म्हणे, "त्याला पण नेतील ना." पोतं त्याच संध्याकाळी खाली उतरलं. तेव्हा गाडी राहू द्या, आणि सासूबाईंना तर यातलं काही कळूही देऊ नका.

आता चिनी माल ओळखायचा कसा, हा तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या ग्रुपवरही तो 'बारकोड 890 म्हणजे भारतीय, 690 ते 699 म्हणजे चिनी' वाला मेसेज फिरतोय असं तुम्ही लिहिलंय. हात जोडून सांगतो, त्याच्यावर विसंबू नका. सुरुवातीचे तीन आकडे एवढंच सांगतात की कंपनीने तो नंबर कुठल्या देशातल्या संस्थेकडून घेतला. माल कुठल्या कारखान्यात बनला याच्याशी त्यांचा संबंध नाही. इथल्या व्यापाऱ्याने बाहेरून माल आणून स्वतःच्या डब्यात भरला की त्यावरही 890 च येणार.

हे मला 2021 च्या बालदिनाला कळलं. सोसायटीतली 48 मुलं, वर्गणी गोळा झालेली, खजिनदार मी. एका घाऊक दुकानातून (नाव आणि पेठ दोन्ही सांगणार नाही) छोट्या हेलिकॉप्टरचे 48 डबे उचलले, 300 रुपयाला एक. डब्यावर तिरंगी पट्टा, नाव अस्सल संस्कृत, बारकोड 890. मी चष्मा लावून एकेक डबा तपासला होता हो! कार्यक्रमात वाटप झालं आणि मुलं सेल घालायला बसली. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने स्क्रू काढून झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्येच उठावदार अक्षरांत कोरलेलं मोठ्याने वाचलं, "मेड इन चायना." माईक चालू होता.

परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "डबा आपलाच आहे ना साहेब." आणि इथे माझी खरी घोडचूक. मी कच्चं बिल घेतलं होतं. पक्क्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागला असता, म्हणजे 14,400 वर 2,592 रुपये. ते वाचवले म्हणून मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं होतं. देशासाठी शपथ आणि देशाचाच कर बुडवायचा, हे तेव्हा आम्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या चिठोऱ्यावर दुकानाचं नाव नव्हतं, फक्त 'हेली 48' आणि रक्कम.

तरी एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावर "डब्यावरचा मजकूर आमच्याकडे, खेळणं नाही", दुसऱ्या टेबलावर "बिल आणा", तिसरे साहेब दौऱ्यावर. चार चकरा, अर्ध्या दिवसाच्या तीन रजा, आणि शेवटी लेखी अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. वर्गणी मी खिशातून परत केली. पक्कं बिल असतं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता आली असती, ग्राहक आयोगातही जाता आलं असतं. मी वकील नाही, पण अनुभवाने सांगतो, बिलाशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

बघायचंच तर बारीक अक्षरं बघा. 'निर्माता' लिहिलंय की नुसतं 'विक्रेता' किंवा 'आयातदार', आणि मूळ देश कुठला. किमतीचं स्टिकर नंतर चिकटवलेलं दिसलं तर नखाने कोपरा उचलून बघायला लाजू नका. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय सक्तीचं आहे. मात्र ती खूण सुरक्षिततेची आहे, ती देश सांगत नाही. परदेशी कारखान्यालाही परवाना मिळू शकतो. खुणेसोबतचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा क्रमांक, ही खूण देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. आमच्या डब्यांवर खूण छापलेली होती, नंबर नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी घेतलीत आणि आयएसआय दिसलं नाही तर लगेच घाबरू नका, नोंदणीकृत कारागिरांच्या आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाला त्यातून सूट आहे.

आणि ग्रुपसाठी एक. 2014 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगोच्या मागे लागून शेल या तेल कंपनीशी असलेला करार पुढे न वाढवण्याचं कबूल करायला लावलं. दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या होत्या. पण मागणी एकच, कंपनी एकच, आणि कुणाच्या पोराचे ठोकळे कुणी फेकायला लावले नाहीत. आमच्या शपथेत कंपनीच नव्हती, फक्त एकमेकांची घरं तपासणं होतं. तुमच्या ग्रुपला हे पटेल याची खात्री देत नाही, आमच्या काकांना अजून पटलेलं नाही.

त्या हेलिकॉप्टरचे अकरा डबे आमच्या माळ्यावर अजून पडून आहेत. सेल तेवढे काढून ठेवलेत, ते गळतात. तुमच्या गाडीतलेही खेळून झालं की काढत जा.